मुक्कामाचा हक्क

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात घर नसलेल्या माणसालाही रहिवासी होता येतं. तिथल्या एखाद्या हॉटेलात किंवा कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढल्याची आपल्या नावाची पावती, टपाल स्वीकारणाऱ्या खासगी सेवेकडून घेतलेला पत्ता आणि आपण पूर्णवेळ प्रवासी आहोत असं शपथपत्र, एवढ्यावर गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. गाडीची नोंदणी तिथेच होते. राज्याचा आयकर नाही. मग माणूस वर्षभर ॲरिझोनाच्या वाळवंटात असो की ऑरेगनच्या किनाऱ्यावर, सरकारदरबारी तो साउथ डकोटाचाच.

महाराष्ट्रात नंदीवाले, वैदू, मसणजोगी किंवा डवरी गोसावी कुटुंबातल्या मुलाला जातीचा दाखला हवा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपलं कुटुंब या राज्यात राहत होतं हे त्याला दाखवावं लागतं. त्याचे आजोबा त्या साली चार जिल्ह्यांतल्या चाळीस गावांच्या वेशीबाहेर राहिलेले असतात. त्यांतल्या एकाही गावच्या दप्तरात त्यांचं नाव नसतं.

हे दोन नियम शेजारी ठेवले की फिरस्तीच्या स्वातंत्र्याबद्दल एरवी जे बोललं जातं ते अपुरं वाटू लागतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत नव्या भटक्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, मराठीतही. व्हॅनमध्ये संसार थाटलेली जोडपी, बालीतल्या कॅफेत बसून कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं काम उरकणारे तरुण, निवृत्तीनंतर घर विकून मोटारघरात राहायला गेलेले आजी-आजोबा. या गोष्टींत रस्ता भरपूर असतो, मुक्काम कमी असतो. माझ्या मते फिरत्या माणसाचं स्वातंत्र्य मोजायचं तर आधी मुक्काम पाहावा. दिवस मावळला की तो कुणाच्या जमिनीवर थांबतो, तिथून त्याला उठवायचा अधिकार कुणाला आहे, आजारी पडला तर चार दिवस जास्त राहता येतं का, आणि थकल्यावर परतायला ठिकाण आहे का? हेच प्रश्न घेऊन मी वेगवेगळ्या भटक्यांकडे जाणार आहे.

सगळ्यांत सुस्थितीतल्यांपासून सुरुवात करू. जपानी अभियंते त्सुगिओ माकिमोतो आणि ब्रिटिश पत्रकार डेव्हिड मॅनर्स यांनी १९९७ साली ‘डिजिटल नोमॅड’ नावाचं पुस्तक लिहिलं. उपकरणं लहान होत जातील, माणूस कुठूनही काम करू शकेल आणि मग एका जागी राहणं ही सक्ती उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाय-फायसुद्धा रुळायचं होतं तेव्हा केलेलं हे भाकीत पुष्कळसं खरं ठरलं. २०२० च्या कोविड साथीने कचेऱ्या ओस पडल्या आणि त्याच वर्षी बार्बाडोस आणि एस्टोनिया या दोन छोट्या देशांनी अशा लोकांसाठी खास व्हिसा काढले. पुढे क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया, जपान, थायलंड अशी रांगच लागली.

या व्हिसांच्या अटी वाचल्या की हे स्वातंत्र्य कुणासाठी आहे ते कळतं. बार्बाडोसने वर्षाला ५०,००० डॉलर उत्पन्न मागितलं. एस्टोनियाने सुरुवातीला महिन्याला ३,५०४ युरो मागितले. जपानने २०२४ मध्ये वर्षाला एक कोटी येन ही अट घातली आणि मुक्काम सहा महिन्यांचाच ठेवला. शिवाय ज्या देशांच्या नागरिकांना ही सोय आहे त्यांच्या यादीत भारत नाही. थायलंडने त्याच वर्षी पाच वर्षांचा व्हिसा काढला, त्यासाठी खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, आणि तिथे भारतीयांना जाता येतं. म्हणजे पुण्यातली एखादी संगणक अभियंता आणि तिची जर्मन सहकारी एकच काम करत असतील, एकाच पगारावर असतील, तरी त्यांच्यापुढचं जग सारखं नसतं. एकीला विमानाचं तिकीट काढलं की निघता येतं. दुसरीला बँकेची सहा महिन्यांची विवरणं, कंपनीचं पत्र आणि परतीचं तिकीट घेऊन व्हिसा केंद्रात तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं.

कर चुकवायला देश बदलत राहावं, ही या मंडळींत चालणारी कल्पनाही आता फारशी टिकत नाही. आपल्याच आयकर कायद्यात २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून अशी तरतूद आहे की, एखाद्या भारतीय नागरिकाचं परदेशातली मिळकत सोडून उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो जगात कुठेच रहिवासी म्हणून कर भरण्यास पात्र नसेल, तर त्याला भारताचा रहिवासी मानलं जाईल. पासपोर्ट कसा आहे आणि खात्यात किती आहे, या दोन गोष्टींवर या जमातीचं फिरणं उभं आहे. त्यात गैर काही नाही. मात्र त्याला सीमांपलीकडचं जगणं म्हणायचं असेल तर सीमा कुणासाठी उघडते तेही त्याच दमात सांगावं.

आणि ज्यांच्या गावात हे पाहुणे येऊन राहतात त्यांचं काय? जुलै २०२५ मध्ये मेक्सिको शहरात रोमा आणि कोंडेसा या वस्त्यांत मोर्चे निघाले. डॉलरमध्ये कमावणाऱ्यांनी घरभाडी इतकी चढवली की तिथे वाढलेल्यांना तिथे राहणं परवडेना. लिस्बनमध्येही वर्षानुवर्षं हीच तक्रार आहे. गोव्याला हे नवीन नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजुण्याला हिप्पी आले, तेव्हा ते गावच्या माणसाच्या घरातली एखादी खोली घेऊन राहायचे. आजचा पाहुणा आसगाव-शिवोलीत आख्खं घर वर्षाच्या करारावर घेतो, आणि पणजीत नोकरी करणाऱ्या गोंयकाराला आपल्याच तालुक्यात भाड्याची जागा शोधताना नाकी नऊ येतात. एकाच्या मोकळेपणाचं भाडं दुसरा भरतो, हे इथे अगदी शब्दशः घडतं.

अमेरिकेतल्या गाडीवासी लोकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ‘व्हॅनलाइफ’ हा हॅशटॅग २०११ साली फॉस्टर हंटिंग्टन या तरुणाने लोकप्रिय केला. न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून तो व्हॅनमधून किनाऱ्या-किनाऱ्याने फिरत होता. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक गाडीत राहत होते, आणि छायाचित्रासाठी राहत नव्हते. बॉब वेल्स हे त्यातलं ठळक नाव. १९९५ च्या सुमारास अलास्कातल्या अँकरेजमध्ये घटस्फोटानंतर पोटगी आणि भाडं दोन्ही झेपेना, म्हणून ते मालवाहू व्हॅनमध्ये झोपू लागले. सुरुवातीला लाज वाटायची, रडू यायचं, असं त्यांनीच सांगितलं आहे. पुढे भाड्याचे पैसे हातात राहू लागले आणि त्यांचा जगण्याकडे बघण्याचा सूर बदलला. २००५ मध्ये त्यांनी स्वस्तात गाडीत कसं राहावं याचं संकेतस्थळ सुरू केलं. २००८ मध्ये अमेरिकेतला घरकर्जाचा डोलारा कोसळला आणि लाखो लोकांची घरं गेली, तेव्हा वेल्स यांचा सल्ला वाचणारे अचानक वाढले.

त्यांच्यात वयस्क बायका बऱ्याच होत्या. कारण समजण्यासारखं आहे. मुलं वाढवताना ज्यांनी नोकरीत खंड घेतला, कमी पगारावर काम केलं, त्यांचं निवृत्तिवेतनही कमी. त्यात भाडं आणि औषधं दोन्ही बसत नव्हती. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी अशा लोकांबरोबर राहून, स्वतः व्हॅन घेऊन, २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं. क्लोई झाओ यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि त्यात काही खरे गाडीवासी स्वतःच्याच भूमिकेत दिसले. चित्रपट सुंदर आहे. पुस्तक अधिक कठोर आहे, आणि निवड करायची तर मी पुस्तक वाचायला सांगेन, कारण त्यात कामाचे तास आहेत.

हे लोक करतात काय? उन्हाळ्यात सरकारी जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर देखभाल, शौचालयांची सफाई. नाताळच्या खरेदीच्या हंगामात गोदामातली कामं. ॲमेझॉनने तर गाडीवाल्यांसाठी ‘कॅम्परफोर्स’ नावाची खास भरती कितीतरी वर्षं चालवली. साठी-सत्तरीची माणसं सिमेंटच्या फरशीवर दिवसाला कित्येक मैल चालायची, आणि गोदामात वेदनाशामक गोळ्या फुकट देणारी यंत्रं भिंतीला लावलेली होती, असं ब्रूडर लिहितात.

त्यांचं तिसरं काम मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा यांच्या सीमेवर रेड नदीचं खोरं आहे. तिथे साखरेचं बीट पिकतं. एक ऑक्टोबरच्या सुमारास मुख्य काढणी सुरू होते आणि हवामानाने साथ दिली तर दोनेक आठवड्यांत संपते. हवा फार गरम असेल तर ढिगातलं बीट सडतं, जमीन गोठली तर ते निघत नाही. म्हणून मधल्या थोड्या दिवसांत रात्रंदिवस काम चालतं, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. या पाळ्यांसाठी साखर कारखाना देशभरच्या गाडीवाल्यांना बोलावतो, गाडी उभी करायला जागा आणि वीज देतो. काम संपलं की ताफा दक्षिणेला, उबेकडे निघतो.

दसरा-दिवाळीला बीड, पाथर्डी, शिरूर कासारकडून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या आठवल्याशिवाय हे वाचता येत नाही. साखर दोन्हीकडे आहे. दोन्हीकडे पीक थांबत नाही म्हणून माणसं हलतात, आणि गरज सरली की कारखान्याच्या आवारात त्यांना जागा नसते. फरक मोठा आहे तो असा: रेड नदीच्या खोऱ्यात आलेला माणूस पाठीवर देणं घेऊन आलेला नसतो. आपला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून आधीच उचल घेऊन निघालेला असतो; ती फिटेपर्यंत कोपी सोडता येत नाही. ऊसतोड कामगार स्वतःला भटके म्हणवत नाहीत, त्यांना गाव आहे. पण हंगामी मजुरीसाठी बिऱ्हाड हलवण्याला मुक्त जगणं म्हणायचं की नाही, हे उचलीवरून आणि पगाराच्या पावतीवरून ठरतं. बिऱ्हाडाला चाकं आहेत की नाहीत, यावरून ते ठरत नाही.

हिवाळ्यात या अमेरिकन ताफ्यांचा मोठा तळ पडतो तो ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला. उन्हाळ्यात जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं हे वाळवंटी गाव जानेवारीत मोटारघरांनी फुलून जातं. कारण आजूबाजूची जमीन केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन खात्याची आहे. साधारणपणे अशा सरकारी जमिनीवर एका ठिकाणी १४ दिवसच राहता येतं. पण इथे १९८० च्या दशकापासून दीर्घ मुक्कामाची खास क्षेत्रं राखून ठेवली आहेत: १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिन्यांचा परवाना, आणि त्याचं शुल्क अनेक वर्षं १८० डॉलर. त्यात पिण्याचं पाणी, मैलापाणी टाकायची सोय आणि कचरापेटी. वेल्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेला गाडीवाल्यांचा मेळावा याच परिसरात भरत आला. तिथे लोक एकमेकांना सौरपट्ट्या जोडायला शिकवतात, जुन्या चपला-भांडी ठेवून जातात, एकट्या बायका एकमेकींचे क्रमांक घेतात. दात दुखत असेल तर दीडेक तासावर मेक्सिकोच्या हद्दीत लॉस अल्गोडोनेस नावाचं गाव आहे; तिथे गल्लोगल्ली दंतवैद्य आहेत, कारण सीमेच्या अलीकडचे दर या लोकांना परवडत नाहीत.

हे लोक स्वतःला मोकळे म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मी खरं मानतो. ज्याची निम्मी कमाई भाड्यात जात होती, त्याला महिनाअखेरीस पैसे उरतात, सकाळी दार उघडलं की डोंगर दिसतो आणि नकोशा शेजाऱ्यापासून किल्ली फिरवून निघता येतं. हे सुख खोटं नाही. पण ते उभं कशावर आहे? सात महिने थांबू देणाऱ्या त्या सरकारी जमिनीवर, आणि पत्त्यावर. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी १९७८ मध्ये स्थापन झालेला एक मोटारघर क्लब आहे, एस्केपीज नावाचा. हजारो सभासदांचं टपाल तो घेतो आणि ते असतील तिथे धाडतो. बँक, विमा, मतदान, औषधाची चिठ्ठी सगळं त्या एका क्रमांकावर चालतं. हा धागा किती नाजूक आहे तेही दिसलं आहे. साउथ डकोटाने २०२३ च्या कायद्याने मतदारनोंदणीआधी किमान ३० दिवस राज्यात राहण्याची अट घातली. एका रात्रीच्या पावतीवर गाडीचा परवाना मिळतो, मताचा हक्क मिळेनासा झाला.

शहरांत तर सरळच हाकलून लावतात. लॉस एंजेलिसने गाडीत राहण्यावर घातलेली बंदी न्यायालयाने २०१४ मध्ये संदिग्ध ठरवून रद्द केली होती. पण जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास या ऑरेगनमधल्या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, निवाऱ्याची सोय नसली तरी सार्वजनिक जागेत तळ ठोकून झोपणाऱ्याला शिक्षा करण्यात राज्यघटनेचा भंग नाही. त्यानंतर अनेक शहरांनी नियम कडक केले. रस्ता सगळ्यांचा आहे, झोपायची परवानगी मात्र नाही.

युरोपात हा झगडा जुना आहे. फ्रान्सने १९६९ च्या कायद्याने फिरत्या लोकांना खास पुस्तिका बाळगायला लावली आणि नियमित उत्पन्न नसलेल्यांना ती दर तीन महिन्यांनी पोलिसांकडून शिक्का मारून घ्यावी लागे. ही पद्धत पूर्णपणे संपायला २०१७ साल उजाडलं. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने जिप्सींसाठी तळ देणं हे स्थानिक परिषदांचं कर्तव्य ठरवलं होतं. १९९४ मध्ये ते कर्तव्य काढून टाकलं आणि २०२२ मध्ये परवानगीविना गाडीसह जमिनीवर राहून, सांगूनही न निघणं हा काही परिस्थितींत फौजदारी गुन्हा केला. त्याहून विचित्र गोष्ट २०१५ ची. नियोजनाच्या नियमांत जिप्सी कोण याची व्याख्या अशी बदलली की जो कायमचा फिरायचा थांबला तो जिप्सी राहिला नाही, मग भले तो म्हातारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे थांबला असो. तळावर जागा मागायची तर फिरत राहा, आणि फिरायला निघालात तर उतरायला जागा नाही. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने याला भेदभाव म्हटलं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी व्याख्या बदलली.

आता आपल्याकडे येऊ. भटक्या जमातींचं स्वातंत्र्य इंग्रजांनी कायद्याने हिरावलं: १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात माणसं ठेवली गेली, हजेरी घेतली जाई, बाहेर जायला परवाना लागे. देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, १९५९ मध्ये मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आला, आणि पोलिसांच्या मनातली यादी तशीच राहिली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ती अभ्यासक्रमांत गेली. पण पालावर राहणारी माणसं कशी जगतात हे कळल्यावरही आपण दारात आलेल्याकडे संशयानेच पाहतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ते मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी होते, पिढीजात भिक्षुकी करत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. एखाद्या व्हॅनवाल्या परदेशी जोडप्याच्या भोवती त्या बाजारात पोरं गोळा झाली असती, सेल्फी काढले असते. फिरता माणूस पाहुणा ठरतो की चोर, हे त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून ठरवणारे आपणच आहोत.

आणि या जमातींचं फिरणं ज्या कामासाठी होतं ते कामही आता बहुतेकांचं गेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दरवेशाचं अस्वल गेलं, गारुड्याचा साप गेला. कायदा योग्यच होता. पण प्राणी सोडवताना माणसाला पर्यायी धंदा द्यायचं राहून गेलं. वैदूंच्या जडीबुटीला दवाखान्यांनी, बहुरूप्याला टीव्हीने, कल्हईवाल्याला स्टीलने बाजूला सारलं. भटकण्यामागची रोजी संपली, पालं शहराच्या उकिरड्याशेजारी स्थिरावली आणि पुरावा नसल्यामुळे तिथली वस्तीही बेकायदा ठरली. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये, भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिले. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातले. २०२२ मध्ये केंद्राने ‘सीड’ नावाची २०० कोटींची योजना पाच वर्षांसाठी जाहीर केली. पण कुठल्याही योजनेच्या अर्जात पहिला रकाना कायम पत्त्याचा असतो.

आपल्याकडे फिरतं जगणं कधीच नीट चाललं नाही, असं मात्र नाही. धनगरांचा वाडा पाहा. पावसाळा सरला, दिवाळी झाली की बारामती, फलटण, पारनेरकडचे मेंढपाळ घाट उतरून कोकणात जायला निघतात. घोड्याच्या पाठीवर बाज, भांडी, चालू न शकणारी कोकरं, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या आणि वर एखादं लेकरू. पुरुष मेंढरं चारत पुढे जातात. मुक्कामाची जागा गाठणं, घोडी उतरवणं, चूल मांडणं, दोरीच्या जाळीचं कुंपण घालून त्यात कोकरं घेणं हे बायकांचं काम. कोकणात भातकापणी झालेली असते. शेतकरी रात्री आपल्या खाचरात मेंढरं बसवून घेतो, लेंडी-मुताचं खत मिळतं, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. कोणत्या गावात किती रात्री, कुणाच्या शेतात, पाणी कुठलं, हे वर्षानुवर्षांच्या ओळखीवर ठरलेलं असतं. मिरगाच्या आधी वाडा घाट चढून वर येतो, कारण कोकणच्या पावसात मेंढराचे खूर कुजतात.

या व्यवस्थेत मेंढपाळाला शेतकऱ्याच्या बांधावर थांबायचा मान आहे. तो आश्रित नाही, कारण त्याच्या थांबण्याने शेत पिकतं. नर्मदेच्या परिक्रमेतही हेच दिसतं. परिक्रमावासी बरोबर पैसे न घेता निघतो, कारण काठच्या गावांत सदावर्त मिळतं, रात्री धर्मशाळेत किंवा कुणाच्या पडवीत पथारी टाकता येते, चातुर्मासात एका ठिकाणी राहता येतं. गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ याच वाटेवर रचली. असा फिरस्ता मोकळा असतो, कारण काठावरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची जबाबदारी घेतलेली आहे. स्वावलंबनाची हौस असलेल्या आजच्या व्हॅनवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं. कुणावरही अवलंबून नसलेला भटका मला आजवर कुठल्याच काळात, कुठल्याच देशात सापडलेला नाही.

वाड्यांचीही वाट आता अवघड झाली आहे. गायरानांवर कुंपणं पडली, ठिबकच्या नळ्या आल्या, दुबार पिकांमुळे रिकामं रान राहिलं नाही, जंगलात चराईबंदी आली. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. पण तो मागायला जाणारा अनुसूचित जमातीत नसेल तर त्याला तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पुन्हा वास्तव्य! आपल्या कायद्याला फिरता माणूस दिसतो तेव्हाही त्याच्याकडे घराचा उतारा मागितला जातो.

मराठी तरुण-तरुणींपैकी काहींना आता व्हॅन घेऊन निघायची ओढ आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही मंजूर केलं. निघणाऱ्यांनी निघावं. फक्त जुनी मालवाहू गाडी घेऊन तिचं घर करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. नोंदणीतल्या नोंदींशी न जुळणारे बदल चालत नाहीत. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथे नोंदणी करावी लागते. एकट्या मुलीने रात्र कुठे काढायची याचं उत्तर अजून पेट्रोल पंप, ढाबा किंवा गुरुद्वारा एवढंच आहे. आणि आठवड्याचे चार वार घराबाहेर काढणाऱ्यांनी एक फरक स्वतःशी मान्य करावा: गाडी बिघडली, ताप आला, पैसे संपले तर आपण आई-वडिलांच्या घरी परत जाऊ शकतो. आपलं फिरणं सुटसुटीत आहे ते या परतीच्या दारामुळे. ज्यांच्या मागे असं दार नाही त्यांच्या जगण्याला साधेपणाचा आदर्श म्हणून मिरवू नये.

भटक्यांच्या प्रश्नावर सरकारं एकच उत्तर देत आली आहेत: त्यांना एका जागी बसवा. ज्यांना स्थिर व्हायचं आहे त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. जमीन, घर, आश्रमशाळा त्यांना मिळायलाच हव्यात, आणि तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीसारख्या ठिकाणी पालावरची मुलं शिकवून दाखवली गेली आहेत. पण ज्यांना फिरत राहायचं आहे त्यांना थांबायला हक्काच्या जागा हव्यात, आणि त्यांच्याबरोबर फिरणारे कागद हवेत. हे अशक्य नाही. शिधापत्रिका देशभर चालण्याची सोय २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. बीडचा ऊसतोड कामगार आज कोल्हापुरात धान्य उचलू शकतो. मात्र त्यासाठी आधी कुठल्यातरी एका गावाने ते कार्ड दिलेलं असावं लागतं, आणि नंदीवाल्याला ते देणारं गाव सापडत नाही. साउथ डकोटाने एका रात्रीच्या पावतीवर माणूस आपला मानला. महाराष्ट्रात गृहचौकशी करून दाखला देण्याची सवलत कागदावर आहे. तहसील कचेरीतल्या अधिकाऱ्याने पालावर जाऊन चौकशी करायची, एवढंच त्यात आहे. ती सवलत वापरली जावी म्हणून ग्रामसभेत ठराव करता येतो, आणि तो करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तुमच्या गावाच्या किंवा वसाहतीच्या कडेला पालं उतरली, तर पोलिसांना फोन करण्याआधी जाऊन विचारा: कुठून आलात, किती दिवस आहात, मुलं किती, शाळेत जातात का. नळावर पाणी भरू द्या. ग्रामसेवकाला, तलाठ्याला तिथे घेऊन जा आणि त्यांची नोंद करायला लावा.